जलाशयावर एक दिवस: पाण्याची पातळी पाहून आखलेली सहल

जलाशयावर दिवसभरासाठी जायचे ठरले, की आधी हवामानाचा अंदाज पाहिला जातो आणि मग डबा, सतरंजी, टोप्या यांची जमवाजमव सुरू होते. हवामान पाहावेच, परंतु त्याच्याही आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी. नैसर्गिक सरोवराचा काठ सहसा फारसा हलत नाही, त्यामुळे झाडे पाण्यापर्यंत येतात, वाटा मळतात आणि बसण्याच्या जागा ठरून जातात. जलाशयाचे पाणी मात्र कोणाच्या तरी गरजेनुसार साठवले आणि सोडले जाते, त्यामुळे त्याचा काठ वर्षभर मागेपुढे सरकत असतो. एका ऋतूत जेथे पाण्यात पाय सोडून बसता येते, तेथून दुसऱ्या ऋतूत पाणी पार दूर गेलेले असते आणि मधल्या पट्ट्यात निव्वळ गाळ पसरलेला असतो. दिवस चांगला जाणे आणि तो सुखरूप जाणे, या दोन्ही गोष्टी पातळीशी बांधलेल्या असल्यामुळे सहलीची आखणी तेथूनच सुरू करावी.

पाणी कशासाठी साठवले आहे?

जाण्याआधी जलाशय कोणत्या कामासाठी बांधला आहे याची माहिती करून घ्यावी, कारण पातळी कशी आणि किती वेगाने बदलेल हे त्यावरून कळते. सिंचनाच्या जलाशयाची पातळी कोरड्या ऋतूत हळूहळू उतरत जाते. आठवड्यापूर्वी कोणी काढलेला फोटो पाहिला, तरी तो बराचसा खरा असतो. पूरनियंत्रणाचा जलाशय पावसाळ्याच्या तोंडावर मुद्दाम रिकामा ठेवला जातो. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर पोहण्यास आणि पुष्कळदा नौकानयनासही मनाई असते, म्हणून तेथे जायचे ते चालण्यासाठी, पक्षी पाहण्यासाठी किंवा नुसते बसण्यासाठी. जलविद्युत केंद्राच्या जलाशयाचे पाणी विजेच्या मागणीनुसार दिवसातून अनेकदा सोडले जाऊ शकते. उदंचन प्रकल्पात तर खालच्या जलाशयातील पाणी वर चढवून नंतर ते पुन्हा खाली सोडले जात असल्यामुळे पातळी काही तासांतच मीटरच्या हिशेबाने चढते-उतरते. अशा जलाशयाचा काठ सहलीसाठी नाही, आणि तेथील कुंपण ओलांडण्याचा मोह कोणी दाखवला तर त्याला स्पष्ट नकार द्यावा.

पातळीचे आकडे बहुतेक मोठ्या जलाशयांबाबत संबंधित विभाग जाहीर करतो, परंतु ते वाचताना थोडी सावधगिरी हवी. उपयुक्त साठा शून्य टक्के झाला, म्हणजे जलाशय कोरडा पडला असे नाही. पाणी सोडण्याच्या सर्वांत खालच्या मार्गापेक्षाही खाली राहणारा मृत साठा त्यात धरलेला नसतो. दुसरे असे, की दरी नरसाळ्यासारखी वर रुंद आणि खाली निमुळती असल्यामुळे वरच्या काही मीटरमध्येच साठ्याचा मोठा वाटा मावतो. म्हणून साठा निम्म्यावर आला तरी पाण्याची उंची निम्म्याने उतरलेली नसते, आणि तळाकडच्या भागात मात्र थोडा साठा खर्च झाला तरी पातळी झपाट्याने खाली जाते. सहलीच्या दृष्टीने टक्केवारीपेक्षा पूर्ण संचय पातळीपासून पाणी किती मीटर खाली आहे हा आकडा अधिक उपयोगाचा ठरतो.

हा फरक किती मोठा असू शकतो, याची कल्पना काही प्रसिद्ध जलाशयांवरून येते. चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाचा जलाशय दर वर्षी पूरकाळापूर्वी 175 मीटरच्या पातळीवरून 145 मीटरपर्यंत उतरवला जातो. म्हणजे दहा मजली इमारतीच्या उंचीएवढा काठ उघडा पडतो. अमेरिकेतील हूवर धरणामागचा लेक मीड 2022 मध्ये 1930 च्या दशकात भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला, तेव्हा खडकांवर क्षारांचा उंच पांढरा पट्टा दिसत होता आणि काही धक्क्यांवरून होड्या पाण्यात उतरवणेच अशक्य झाले होते. उतरलेल्या पाण्याचे स्वतःचे आकर्षणही असते, हे मान्य करायला हवे. बुडालेले रस्ते, पूल आणि भिंती वर येतात, आणि केवळ ते पाहण्यासाठी अनेक जण मुद्दाम टंचाईच्या दिवसांत जातात. उत्तर इटलीतील रेझिया सरोवरातून वर डोकावणारा चौदाव्या शतकातील घंटाघराचा मनोरा तर बाराही महिने दिसतो. 1950 मध्ये पाणी भरले तेव्हा त्याच्या भोवतालचे गाव गेले. असे अवशेष पाहताना ते कोणाचे तरी घर होते, एवढे भान ठेवून दगड-विटा जागच्या जागी सोडाव्यात.

भिंतीजवळ की फुगवट्याच्या टोकाला?

बहुतेक पर्यटक धरणाच्या भिंतीपाशी थांबतात, कारण रस्ता तेथपर्यंत जातो. भव्यता पाहायची असेल तर ती जागा योग्य आहे, परंतु पूर्ण दिवस काढण्यासाठी ती निवडू नये, असे माझे मत आहे. भिंतीलगत पाणी सर्वांत खोल, काठ बहुधा चढा, सुरक्षेचे निर्बंध अधिक आणि सावली कमी असते. बऱ्याच ठिकाणी भिंतीचे छायाचित्र घेण्यास मनाई असते आणि ड्रोन उडवण्यासाठी वेगळी परवानगी लागते, हे आधीच विचारून घ्यावे. याउलट, जेथे नदी जलाशयात शिरते त्या वरच्या टोकाला पाणी उथळ, काठ सपाट आणि जीवसृष्टी समृद्ध असते. चिखलात चोच खुपसून फिरणारे पक्षी, बगळे आणि बदके तेथेच अधिक दिसतात. भिंतीकडच्या खोल पाण्यात मात्र बुडी मारून मासे पकडणारे पाणकावळ्यांसारखे पक्षी आढळतात. एक अडचण अशी, की उतार मंद असल्यामुळे पातळी दोन-तीन मीटर उतरली तरी या टोकाचे पाणी फार दूर जाते. त्यामुळे साठा भरपूर असताना वरचे टोक आणि तो बराच उतरलेला असताना मधला भाग, असा सोपा हिशेब ठेवावा.

वेळ निवडताना वारा आणि उजेड या दोहोंचा विचार करावा. पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांपर्यंत वारा सहसा पडलेला असतो, त्यामुळे डोंगरांचे स्वच्छ प्रतिबिंब हवे असेल तर तीच वेळ गाठावी. ऊन चढू लागले, की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि पाण्यावरून काठाकडे वारा सुटतो. दरीत दुपारनंतर तो आणखी जोर धरतो. लांबट जलाशयात वाऱ्याला पाण्यावरून जितके जास्त अंतर मोकळे मिळते, तितक्या लाटा उंच होतात, म्हणून सकाळी निवांत वाटलेले पाणी दुपारी लहान होडीला जड जाऊ शकते. वल्ह्यांची होडी घेऊन जाणाऱ्यांनी आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वाऱ्याची मदत होते. सूर्योदयानंतरचा उजेड समोरच्या डोंगरावर पडलेला पाहायचा असेल तर पूर्वेकडच्या काठावर बसावे. पाण्यावरचा सूर्यास्तही याच काठावरून दिसतो, परंतु दुपारची डोंगराची सावली मात्र पश्चिमेकडच्या काठाला मिळते.

काठावर चालताना

उघड्या पडलेल्या गाळाला जलाशयावरील सर्वांत फसवी जमीन म्हणावे लागेल. वरून पाहिले तर भेगाळलेल्या, कडा किंचित वर वळलेल्या कोरड्या खपल्या दिसतात आणि त्यावरून सहज चालता येईल असे वाटते. जवळ जाऊन भेगेच्या आत पाहावे. भेगेच्या तळाशी माती काळपट आणि चकचकीत असेल, किंवा खपलीवर टाच दाबताच कडेने पाणी पाझरत असेल, तर खालचा थर अजून ओला आहे आणि तो वजन पेलणार नाही. पाण्याकडे जाताना खडकाळ सोंडेवरून, रेताड भागातून किंवा गवताची मुळे धरून असलेल्या जमिनीवरूनच जावे. मुलांना पुढे धावू देऊ नये. ती वजनाने हलकी असल्यामुळे पार होतात आणि त्यांच्यामागे धावणारा मोठा माणूस रुततो.

पाय रुतलाच तर झटके देऊन तो ओढू नये, कारण प्रत्येक झटक्याला दुसरा पाय अधिक खोल जातो. पाठीवरची पिशवी काढून बाजूला टाकावी, मागे रेलून किंवा बसून वजन जास्त जागेवर पसरवावे, आणि एकेक पाय आतल्या आत हलवत, भोवती पाणी शिरू देत सावकाश मोकळा करावा. नंतर उभे न राहता, आलो त्याच दिशेने सरपटत घट्ट जमिनीपर्यंत यावे. मदत करणाऱ्याने जवळ न जाता दोरी किंवा लांब फांदी पुढे करावी.

पाणी उतरल्यावर मोकळ्या झालेल्या खडीवर आणि छोट्या बेटांवर टिटवीसारखे अनेक पक्षी उघड्यावरच अंडी घालतात, आणि ती आसपासच्या खड्यांत इतकी मिसळून जातात, की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागला, किंवा पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे जाऊ लागला, तर घरटे अगदी जवळ आहे असे समजावे आणि पाऊल पाहून टाकत आलेल्या वाटेने मागे फिरावे. तेथे थांबून फोटो काढत राहिल्यास अंडी तेवढा वेळ उन्हात उघडी पडतात.

पाण्यात उतरण्याआधी

जेथे पोहण्यास मनाई आहे तेथे पोहू नये, या वाक्यावर चर्चेची गरज नाही. जेथे परवानगी आहे, तेथेही जलाशयाचा तळ हा मुळात दरीचा उतार असल्याचे लक्षात ठेवावे: काठापासून दोन पावलांवर गुडघाभर असलेले पाणी तिसऱ्या पावलाला डोक्यावरून जाऊ शकते. पाणी भरण्याआधीची झाडांची खोडे, विहिरी, बांध आणि कुंपणाच्या तारा खाली तशाच असू शकतात, आणि पातळी बदलत असल्यामुळे मागच्या वेळी सुरक्षित खोलीवर असलेला अडथळा आज पृष्ठभागाच्या जरासा खाली आलेला असतो. सूर मारणे म्हणूनच सर्वस्वी टाळावे.

पाण्याचे तापमान हा दुसरा धोका आहे. उन्हाळ्यात वरचा काही मीटरांचा थर तापतो आणि हलका असल्यामुळे वरच राहतो; त्याखाली थोड्याशाच खोलीत तापमान एकदम उतरते आणि तळाकडचे पाणी थंडच असते. काठावर हात घालून पाणी कोमट लागले म्हणून खोल भागातील पाणीही तसेच असेल, असे मानू नये. साधारण 15 अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात अचानक पडल्यास श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, धाप लागते आणि हृदयाचे ठोके वाढतात. उत्तम पोहणारेही बुडतात ते बहुधा याच पहिल्या एक-दोन मिनिटांत. अशा वेळी पोहण्याची धडपड न करता पाठीवर पडून, कान पाण्यात जाऊ देऊन, हातपाय हळू हलवत तरंगत राहावे. श्वास ताब्यात आला, की मग काठाकडे निघावे किंवा मदतीसाठी ओरडावे.

दुसरे कोणी बुडताना दिसले तर आपण उडी टाकू नये. वाचवायला गेलेलेही बुडाल्याच्या घटना पाण्याच्या ठिकाणी नेहमी घडतात. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन आणि त्याला बांधलेली 15 ते 20 मीटर दोरी, एवढे साधे साधन प्रत्येक गटाने बसण्याच्या जागी हाताशी ठेवावे. कॅनमध्ये ओंजळभर पाणी राहू दिले तर तो नीट दूर फेकता येतो. फेकण्यापूर्वी आपण स्वतः बसावे किंवा आडवे व्हावे, नाहीतर दोरीच्या ओढीने आपणच पाण्यात जातो.

होडीत बसताना लाइफ जॅकेट अंगात घालून सगळे पट्टे आवळावेत. ते मापाचे आहे की नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्याला ते खांद्यांपाशी धरून वर उचलायला सांगावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते मोठे आहे आणि पाण्यात अंगातून निसटेल. होडीवर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक असेल तर उतरून पुढच्या फेरीची वाट पाहावी. पाण्यावर ओळीने बांधलेले तरंगते गोळे दिसले, तर त्यांच्या पलीकडे सांडवा किंवा पाणी आत घेणारे बोगद्याचे तोंड असते, आणि तेथील ओढ पृष्ठभागावरून दिसत नाही. कॅलिफोर्नियातील मॉन्टिसेलो धरणाचा गोल सांडवा वरच्या तोंडाशी सुमारे 22 मीटर व्यासाचा आहे. पाणी त्याच्या काठाला टेकले, की सारे पाणी सरळ खाली कोसळते. तो पाहण्यास गर्दी लोटते, परंतु पाहायचा तो रस्त्यावरून.

उष्ण आणि वारा नसलेल्या दिवसांत पाण्यावर हिरवट किंवा निळसर दाट साय धरलेली दिसली, तर ती सायनोबॅक्टेरियाची म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाची असू शकते. त्याच्या काही जाती यकृताला आणि मज्जासंस्थेला अपाय करणारी विषे तयार करतात. एक काठी बुडवून वर काढावी: काठीला लांब हिरवे धागे लोंबले तर ते बहुधा साधे शेवाळ असते, आणि रंगात बुडवल्याप्रमाणे काठी माखून निघाली तर संशय घ्यावा. ही खूण ढोबळ आहे. शंका असेल तेथे पाण्यापासून लांबच राहावे. वारा ही साय ज्या काठाकडे ढकलतो तेथे ती सर्वाधिक साचते, त्यामुळे एक किनारा घाण आणि समोरचा स्वच्छ असे चित्र दिसू शकते. कुत्रा बरोबर असेल तर त्याला तेथे पाणी पिऊ देऊ नये आणि अंग चाटू देऊ नये. उकळल्याने जंतू मरतात, पण ही विषे नष्ट होत नाहीत, म्हणून असे पाणी स्वयंपाकालाही घेऊ नये.

धरणाच्या खालच्या अंगाला

जलाशयाच्या सहलीत खरा घात पुष्कळदा धरणाखालच्या नदीपात्रात होतो. पात्रातले गुळगुळीत खडक, मध्येच उरलेला एखादा डोह आणि घोट्याएवढे पाणी, असे ते दृश्य फार निरागस दिसते. परंतु वरचे दरवाजे उघडण्याचा निर्णय दूरच्या पाणलोट क्षेत्रातील पावसावरून किंवा विजेच्या मागणीवरून होतो, आणि आपल्या डोक्यावरील आकाश त्या वेळी निरभ्र असू शकते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर पाणी. त्यामुळे 1,000 क्युसेक हा बातम्यांमध्ये किरकोळ वाटणारा विसर्गसुद्धा सेकंदाला 28 हजार लिटरहून अधिक पाणी आणतो, आणि अरुंद पात्रातून माणसाला वाहून नेण्यास तेवढे पुरेसे असते.

म्हणून पात्रात बसू नये, बेटासारख्या उंच खडकावर सतरंजी टाकू नये आणि गाडी पात्रात उतरवू नये. पात्र ओलांडणे अटळच असेल तर आधी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवून त्यावर लक्ष ठेवावे. दगडाला पाणी टेकू लागले, स्वच्छ पाणी गढूळ झाले, पालापाचोळा व काटक्या वाहत येऊ लागल्या किंवा पाण्याचा आवाज भरीव झाला, तर सामान गोळा करण्यात वेळ न घालवता तडक वर चढावे. भोंगा वाजला तर लागलीच निघावे. मात्र भोंगा वाजला नाही म्हणजे पाणी येणार नाही, असे गृहीत धरू नये. वाऱ्यामुळे किंवा वळणामुळे तो ऐकू न येण्याचीही शक्यता असते.

ऊन, विजा आणि परतीची वेळ

पाण्याकाठी उन्हाचा चटका वाऱ्यामुळे जाणवत नाही, पण त्वचा भाजायची ती भाजतेच. टोपी वरचे ऊन अडवते आणि पाण्यावरून परावर्तित होणारे अडवत नाही, म्हणून नाक, हनुवटीखालचा भाग आणि मान यांनाही सनस्क्रीन लावावे. अतिनील किरणांची तीव्रता दर 1,000 मीटर उंचीला साधारण 10 टक्क्यांनी वाढते, तेव्हा डोंगरातील जलाशयावर अधिक काळजी घ्यावी. चालताना उष्ण हवेत दर तासाला अर्धा लिटर पाणी लागेल असे धरून तेवढे घरूनच न्यावे. मेघगर्जना ऐकू आली, की पाण्यातून आणि मोकळ्या काठावरून निघून बंद गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जावे, एकट्या झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडू नये.

स्वच्छतेबाबत एकच गोष्ट सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ती जवळजवळ सगळ्यांकडून चुकते. पाण्यापासून किमान 60 मीटर दूर जाऊन शौच उरकावे आणि ते 15 ते 20 सेंटीमीटर खोल खड्ड्यात पुरावे, हा सर्वसाधारण नियम आहे. जलाशयावर मात्र हे अंतर आजच्या पाण्याच्या कडेपासून न मोजता पूर्ण भरलेल्या पातळीच्या खुणेपासून मोजावे, कारण आज कोरडा दिसणारा पट्टा पुढच्या ऋतूत पाण्याखाली असणार आहे. ही खूण ओळखणे सोपे असते: खडकांचा रंग जेथे एकदम बदलतो आणि झुडपे जेथून सुरू होतात, ती रेषा. भांडी घासणे, साबण वापरणे आणि चूल पेटवणे यांनाही हाच हिशेब लागू आहे, आणि उरलेले अन्न व फळांच्या साली परत न्याव्यात.

दरीतील जलाशयावर सूर्य क्षितिजाच्या बराच आधी डोंगरामागे जातो, म्हणून सूर्यास्ताच्या छापील वेळेवर विसंबू नये. हात पूर्ण लांब करून चार बोटे आडवी धरावीत. सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये चार बोटे मावली तर साधारण पाऊण ते एक तास ऊन शिल्लक आहे. काठाची वाट खाचखळग्यांतून वळत जाते, नकाशावर जवळ दिसणारे समोरचे टोक चालताना तिप्पट लांब निघते, आणि दरीत मोबाइलला रेंज नसण्याची शक्यता असते. त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा, कोणत्या काठावर आहोत आणि किती वाजेपर्यंत परत येऊ हे घरी सांगून ठेवावे, आणि ठरलेल्या वेळेच्या निम्मा वेळ संपला, की असू तेथून मागे वळावे.

निघण्यापूर्वी बूट, गळ, जाळी आणि होडी यांना लागलेला चिखल व पाणवनस्पती तेथेच काढून टाकाव्यात आणि होडीत साचलेले पाणी तेथेच ओतून द्यावे. झेब्रा शिंपल्यासारखे उपद्रवी जीव एका जलाशयातून दुसऱ्यात याच मार्गाने पोहोचतात. त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत, पण वाढल्यावर ते पाणीपुरवठ्याचे नळ बुजवून टाकतात. दुसऱ्या जलाशयावर जायचे असेल तर सगळे साहित्य आधी पूर्ण वाळू द्यावे, आणि दमट हवेत त्यासाठी काही दिवस लागतील हे धरून पुढची तारीख ठरवावी.